दुसऱ्यांच्या लग्नांतली सही

विलास रिटायर झाला आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. जन्मभर नोकरी केलेला माणूस घरात बसला की आधी स्वयंपाकघरात लुडबुड करतो. त्याने मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या 'लॉजिकल' क्रमाने लावल्या, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, एक तर तू काहीतरी उद्योग शोध, नाहीतर मी नोकरी शोधते.

उद्योग दिला शेजारच्या मार्गारेटबाईंनी. त्यांचे पूर्वज इंग्लंडमधल्या नेदर विथरिंग नावाच्या खेड्यातून बोटीने इथे कॅनडात, हॅलिफॅक्सला आलेले. त्या गावच्या चर्चमधल्या लग्नांच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो कोणीतरी इंटरनेटवर टाकले होते, आणि जगभरातले हौशी लोक ते वाचून टाइप करून देत होते, म्हणजे ज्याला त्याला आपले खापरपणजोबा नावाने शोधता यावेत. बाईंना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. विलास म्हणाला, मी बघतो. बघता बघता नागपूरचा हा इंजिनीअर बेसमेंटमध्ये बसून अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज शेतमजुरांच्या लग्नांत आकंठ बुडाला. चहाला हाक मारली तर वर यायचा, पण डोकं तिकडेच.

"रश्मी, हे बघ," असं म्हणून मलाही खाली ओढायचा. पान सगळं सारखंच असायचं. अमुक गावचा अमुक, तमुक गावची तमुक, तीन रविवारी चर्चमध्ये नावं वाचून दाखवली, कोणी हरकत घेतली नाही, लग्न लागलं. खाली नवरा-नवरीची सही. लिहिता येत नसेल तर फुली, आणि पाद्रीबुवांनी शेजारी लिहिलेलं, ही तिची खूण. त्याखाली दोन साक्षीदार.

विलासचा जीव त्या साक्षीदारांवर. थॉमस पेल नावाचा एक इसम होता, चर्चचा कारकून. गावातलं कुठलंही लग्न असो, ज्याच्याकडून साक्षीला माणूस नाही, त्याच्याकडून थॉमस पेल. वर्षानुवर्षं एकच सही. सुरुवातीला ठसठशीत, पुढे पुढे हात कापायला लागलेला. "बिचाऱ्या परगावच्या मोलकरणी," विलास म्हणायचा. "कोणी नाही जवळ. हा आपला उभा." मी म्हटलं, कामापुरता मामा. तर तो हसला नाही. त्याला तो माणूस फार आवडला होता.

आणि माझा नवरा कसा, तर आवडलं की अंगात भिनतं. इथे आपली पोरं शिकायला येतात, अर्धवेळ कामं करतात, प्रेमात पडतात. गावाकडे कळलं तर आकाश कोसळेल, म्हणून गुपचूप लायसन्स काढून लग्न उरकतात. साक्षीदार दोन लागतात. एक मित्र मिळतो, दुसरा त्या दिवशी शिफ्टवर असतो. महाराष्ट्र मंडळात कोणीतरी विलासचं नाव सांगितलं, आणि विलासकाका एका लग्नात सही करून आले. मग दुसऱ्या. मग आमच्या घरचा फोन म्हणजे विवाहनोंदणीचं ऑफिसच झालं. विलास प्रत्येक वेळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, अक्षतांची पुडी खिशात ठेवायचा आणि 'शुभमंगल सावधान' स्वतः म्हणायचा. सूर अगदी बेताचा, पण पोरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तो त्यांना कधी काही विचारायचा नाही. जात कोणती, घरी सांगितलं का, आई-बापांना काय वाटेल, काही नाही. "सज्ञान आहेत," म्हणायचा. "आपण सही करायची, आशीर्वाद द्यायचा, घरी यायचं." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू, खूप वाटायचा.

आमची एकच मुलगी, ऊर्मी. वाढली हॅलिफॅक्सला, नोकरी व्हँकुव्हरला, राहायला तिथून जवळ कोक्विटलामला. म्हणजे देश एकच, पण नागपूरहून काश्मीरला गेल्यापेक्षा लांब. गेल्या जानेवारीत माझ्या सासूबाई नागपूरला वारल्या. ऊर्मीचा आजीवर भारी जीव. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या कुशीत झोपून मराठी शिकलेली पोर. विलास तेराव्यापर्यंत तिथे राहिला. परत आला तो एकदम म्हातारा दिसायला लागला होता.

मार्चमध्ये ऊर्मीने फोनवर सांगितलं, डॅनियलशी लग्न करतेय. डॅनियल आम्हाला ऐकून माहीत होता. घटस्फोटित, आणि पहिल्या लग्नाचा नऊ वर्षांचा मुलगा. मी घाबरले, पण म्हटलं, तुझा निर्णय. विलास म्हणाला, "आजीला जाऊन दोन महिने झालेत, बेटा. वर्षभर आपल्या घरात मंगलकार्य नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. चतुर्थीला ऑम्लेट खाणारा हा माणूस. आईच्या तेराव्याला भटजींशी वाद घालून आलेला. याला अचानक वर्ष पाळायचं सुचलं!

पण ऊर्मीने ते खरं मानलं. "ओके बाबा," ती म्हणाली. "आजीसाठी थांबते. पण एक सांगते, कन्यादान वगैरे नको. मी काय वस्तू आहे दान करायला? सिंपल मॅरेज. तू फक्त विटनेस म्हणून साइन कर."

"पहिली सही माझी," विलास म्हणाला. "वर्ष संपलं की दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढतो."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, हे वर्षाचं काय नवीन? तो म्हणाला, "वर्षभरात विचार करेल पोरगी. दुसऱ्याचा मुलगा सांभाळायचा म्हणजे काय खायचं काम आहे? वेळ मिळाला की माणसाला दिसायला लागतं." म्हणजे आईच्या मरणाची ढाल केली होती त्याने. मला राग आला. पण मीही आईच. वाटलं, बघू, वर्षच तर आहे. वर्षाने कोणाचं वाईट झालंय?

जून महिन्यात पुष्कर आणि स्वप्नाली आले. पुष्कर नाशिकचा, स्वप्नाली सांगलीकडची, दोघं इथल्या कॉलेजात. जात वेगळी. तिच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती, आणि वडिलांनी तिला सुट्टीत बोलावून घेतलं होतं. गेली तर परत पाठवणार नाहीत, या भीतीने पोरगी अर्धी झालेली. पुढच्याच शनिवारी त्यांचं लग्न होतं. ऊर्मीची आठवण मला त्याच क्षणी आली.

"अरे, आणि वर्ष?" मी स्वयंपाकघरात विलासला हळूच विचारलं.

"हे कुठे आपल्या घरचं कार्य आहे?" तो म्हणाला. "पोरीला कोणी नाही, रश्मी."

मी आदल्या रात्री चक्का टांगला, श्रीखंड केलं आणि मीही गेले. लग्न लावणाऱ्या बाई डार्टमथला राहायच्या, म्हणून आम्ही फेरीबोटीने बंदराच्या पलीकडे गेलो. धुकं होतं, वारा होता, स्वप्नालीची पैठणी वाऱ्याने फुगत होती आणि ती हसत होती. विलासने पुष्करला फेटा बांधला, स्वतःही बांधून घेतला. अंतरपाट म्हणून माझी शाल. एक टोक विलासच्या हातात, दुसरं पुष्करच्या रूममेटच्या. सही करताना विलासने पेन कपाळाला लावलं. स्वप्नालीने त्याच्या पाया पडून त्याला मिठी मारली, आणि रूममेटने नेमका तो फोटो काढला. मागे मीही आहे, श्रीखंडाचा डबा हातात घेऊन, दात काढून हसतेय.

स्वप्नालीने तो फोटो फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं, 'माझे कॅनडातले बाबा.' आमच्या ओळखीच्या पुष्कळ लोकांनी कौतुक केलं. ऊर्मीनेही त्यावर एक लाल हृदय लावलं. विलासने मला फोन दाखवला. "बघ, ऊर्मीलाही आवडला," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. इतके आम्ही शहाणे.

त्यानंतर तिचे फोन यायचे, पण लवकर संपायचे. कामाचं विचारावं तर "गुड," जेवणाचं विचारावं तर "येस, आई." डॅनियलबद्दल विचारलं की म्हणायची, "फाइन." विलासने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. मला म्हणाला, "बघितलंस? उत्साह कमी झालाय." मी म्हटलं, तिच्या तोंडी तुझे शब्द नको घालूस. पण मलाही आत कुठेतरी तेच हवं होतं. देवाशपथ, हवं होतं.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी फोन आला. विलास पोहे खात होता. त्याने स्पीकर लावला.

"बाबा, आई. डॅनियल आणि मी शुक्रवारी लग्न केलं."

तिचा आवाज अगदी शांत होता. आधी सराव करून बोलतात तसा. मी पटकन काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. विलासने बशी बाजूला सरकवली.

"शुक्रवारी?" तो म्हणाला. आणि मग, "साक्षीदार कोण होते?"

जगातला दुसरा कुठलाही बाप हे विचारणार नाही. चिडेल, रडेल, फोन आपटेल. याने साक्षीदार विचारले.

"डॅनियलची सिस्टर. आणि लग्न लावणाऱ्या मॅरेज कमिशनरच्या शेजारी राहणारे एक आजोबा. माझ्या बाजूने कोणी नव्हतं, सो शी कॉल्ड हिम ओव्हर. ही डझ इट फॉर पीपल."

"पण आपलं ठरलं होतं, बेटा. जानेवारीत..."

"बाबा, तुझं वर्ष तर जूनमध्येच संपलं ना? मी फोटो बघितला. फेटा घातलेला. तू इतका खूश होतास. मी तो झूम करून बघितला, मेनी टाइम्स. मला वाटायचं की तू खरंच आजीसाठी थांबलायस. मी पण थांबले होते. आय वॉज ग्रीव्हिंग विथ यू. मग कळलं की आजी फक्त माझ्या लग्नाच्या आड येते. त्या मुलीच्या नाही."

विलास "अभिनंदन, बेटा. डॅनियललाही सांग," एवढं म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. मग तो उठून बेसमेंटमध्ये गेला. पोहे तसेच राहिले.

मी ऊर्मीशी थोडं बोलले. साडी नेसली होतीस का विचारलं. म्हणाली, नाही, निळा ड्रेस घातला. मुलगा आला होता का? म्हणाली, हो, अंगठ्या त्यानेच सांभाळल्या. मी म्हटलं, छान. आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी विलासला वाट्टेल ते बोलले. खाली जाऊन, दारात उभी राहून बोलले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, म्हटलं. दुसऱ्यांच्या मुली पळून येतात तर त्यांच्यावर अक्षता टाकतोस, आणि आपली मुलगी हात जोडून विचारते तर तिला सुतक सांगतोस? तिने मागितलं तरी काय होतं? एक सही! ती तू रस्त्यावरच्या पोरांना वाटत फिरलास!

तो म्हणाला, "त्यांच्या लग्नात मला भीती नव्हती, रश्मी. पोरं दुसऱ्यांची होती. बिघडलं असतं तर दुसऱ्या कोणाची तरी झोप उडाली असती."

माझा राग तिथेच बसला. आम्ही दोघं शेजारी शेजारी, कपडे वाळत घातलेल्या स्टँडपाशी बसून रडलो. लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही एकत्र रडल्याचं मला आठवत नाही. सासूबाईंच्या वेळीही तो एकटा रडला होता.

पुढचे काही दिवस तो पुन्हा त्या नोंदवह्यांत बसू लागला. मला वाटलं, बरंय, मन रमतंय. पण तो टाइप करत नव्हता. नुसती पानं मागेपुढे करत होता. एका संध्याकाळी त्याने हाक मारली म्हणून गेले. स्क्रीनवर एक पान मोठं करून ठेवलं होतं. नवरीचं नाव हॅना पेल.

"थॉमस पेलची मुलगी," विलास म्हणाला. "मी शोधत होतो."

"मग? बापाची सही नाही?"

"आहे ना." त्याने बोट ठेवलं. "ही काय. बघ, नेहमीसारखीच आहे. वरच्या लग्नात जशी, खालच्या लग्नात जशी, तशीच. अक्षर मोठं नाही, काही नाही. कोणाला कळणारही नाही की हे त्याच्या घरचं लग्न होतं."

बोट तसंच काचेवर होतं. "त्याला सही करायला मिळाली," एवढंच म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

त्यानंतर एका जोडप्याचा फोन आला होता, पुढच्या महिन्यात सही कराल का म्हणून. विलासने नाही म्हणून सांगितलं. तब्येत बरी नाही म्हणाला.

ऊर्मीशी मोकळं बोलायचं म्हणून मी एक दिवस ग्रोसरी आणायला गेले तेव्हा पार्किंगमध्ये गाडीतच बसून तिला फोन लावला. घरून बोलले की विलास कान देऊन ऐकत बसतो. मी म्हटलं, मला सगळं सांग त्या दिवसाचं. काही लपवू नकोस, काही वाढवू नकोस. ती आधी तुटक बोलत होती. मग हळूहळू खुलली. कमिशनरबाईंच्या घरामागच्या अंगणात लग्न लागलं. पाऊस येतो की काय वाटत होतं, पण आला नाही. डॅनियल वचन म्हणताना अडखळला. मुलाने अंगठी गवतात पाडली आणि सगळे शोधत बसले. सांगताना ती हसली. कित्येक दिवसांनी मी तिला हसताना ऐकलं.

"आणि ते आजोबा?" मी विचारलं. "सही करणारे?"

"आई, ते खूप चांगले होते. ही वोअर अ टाय. माझ्यासाठी बागेतली फुलं घेऊन आले होते. साइन करायच्या आधी त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, तुझे वडील नाहीत का?"

"मग?"

"आय डिडन्ट नो हाऊ टू एक्सप्लेन. सगळे बघत होते. मी म्हटलं, नाहीत. जानेवारीत गेले."

मला ऐकू आलं, पण आत शिरेना. समोर एक बाई ट्रॉली ढकलत चालली होती, मी तिच्याकडे बघत राहिले.

"ते म्हणाले, आय ॲम सो सॉरी, डिअर. मग त्यांनी कॅप काढली आणि कॅप काढूनच साइन केलं. आई, मी तेव्हा रडले. त्यांना वाटलं, मी बाबासाठी रडतेय." ती आता रडत होती. "आणि मी खरंच बाबासाठीच रडत होते. प्लीज, त्याला सांगू नको. प्रॉमिस कर."

मी वचन दिलं. तिला म्हटलं, नाताळात ये, डॅनियलला आण, मुलाला आण, मी पुरणपोळ्या करते. ती म्हणाली, बघते. रागावून नव्हे, खरंच बघते अशा अर्थाने म्हणाली. तेवढ्यावर मी देवाचे आभार मानले. पण मुलीने बापाला जिवंतपणी मारलं होतं, आणि का मारलं ते मला कळत होतं, आणि तिचा राग येत नव्हता. त्याचाही येत नव्हता. मी ग्रोसरी न घेताच घरी आले.

विलास दारातच होता. रिकामे हात बघून त्याला कळलंच असणार.

"बोललीस ऊर्मीशी?"

"हो."

"बरी आहे?"

"बरी आहे. नाताळात येतील बहुतेक. बघते म्हणाली."

त्याने माझा कोट घेतला, खुंटीला लावला. लावताना माझ्याकडे पाठ करून विचारलं, "ते गृहस्थ कसे होते म्हणाली?"

"चांगले होते. टाय घालून आले होते. फुलं आणली तिच्यासाठी."

"अरे वा. मी कधी फुलं नेली नाहीत." कोट नीट लागला होता, तरी तो पुन्हा सारखा करत राहिला. "सही करायच्या आधी तिला काही विचारलं का त्यांनी? म्हणजे घरचे कुठे आहेत, वडील का नाही आले, असं काही?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही विचारलं."

"बरं केलं," विलास म्हणाला. "मीही कधी कोणाला विचारलं नाही. विचारलं की पोरांना खोटं बोलावं लागतं."